आत्मचरित्रातला 'मी' कोण असतो?

सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी मृत्यू जवळ आल्यावर आपल्या मुलाला, विठोबाला, मागचे बारा जन्म सांगितले. तेराव्या जन्माची, म्हणजे चालू आयुष्याची हकिकतही त्यांच्या अभंगांत आहे: वेरूळजवळचं देवगाव, संतापी नवरा, चारापाणी सोडून देणारं लाडकं वासरू, स्वप्नात येऊन उपदेश करणारे तुकोबा. मराठीत एवढ्या जुन्या काळी एका बाईने 'मी' म्हणून आयुष्य मांडावं आणि तो 'मी' एका देहात मावू नये, याचं मला फार नवल वाटतं.

आत्मचरित्रात खोटं लिहायचं नाही, हे आपण सगळे मानतो. पण खरं लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडतं. भोगलं ते सात वर्षांच्या मुलाने, लेखणी मात्र पन्नाशीच्या माणसाच्या हातात. यांतला बोलणारा कोण? शिवाय आठवणीही जशाच्या तशा राहत नाहीत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली आणि ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. कथा आखडत गेली, अनोळखी तपशील गळाले, काहींनी तर नकळत ओळखीचं रूप घेतलं. 1932 साली पुस्तकरूपाने आलेल्या या संशोधनाचा अर्थ थक्क करणारा आहे: आठवताना माणूस आठवण नव्याने घडवत असतो. म्हणजे आत्मचरित्रकार लेखणी उचलण्याआधीच रचनेला लागलेला असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली, त्यांच्या सहासष्टाव्या वर्षी. वडिलांच्या सोवळ्याचा जाच, पती टिळकांचा लहरी स्वभाव, त्यांच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, हे सगळं त्यांनी संवादांतून जिवंत केलं. अर्ध्या शतकापूर्वी घरात झालेली ती बोलणी कुणी टिपून ठेवली असणार? तरी आपण त्यांवर विश्वास ठेवतो, कारण बोलण्याची ढब त्या माणसांचीच वाटते. आणि ज्या प्रसंगी ती मुलगी रडली असेल, तिथे सांगणारी म्हातारी हसते. हे अंतर लक्ष्मीबाईंनी कमावलेलं आहे. त्या पुस्तकाचं सारं सामर्थ्य मला तिथेच दिसतं.

दया पवारांनी तर हे अंतर उघडच मांडलं. 1978 सालच्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. माणूस एकच. दगडू हे घरचं नाव, दया पवार हे कवी म्हणून मिळवलेलं. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना, भूक, लाज, सगळं दगडूच्या तोंडून येतं. शिकलेल्या, नोकरदार पवारांना ते सावरून, धुऊनपुसून सांगायची सोय राहत नाही, कारण बोलायचा हक्कच त्यांनी दुसऱ्याला दिलेला आहे. यासाठी एकही घटना बदलावी लागत नाही. कोण सांगतो आणि कोण ऐकतो, एवढंच लेखकाने ठरवायचं. कादंबरीकाराची ही कला सत्याच्या कामी इतक्या नेमकेपणाने लागलेली क्वचितच दिसते.

काय गाळायचं, हेही लेखकच ठरवतो. फलटणच्या बेबी कांबळे दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि स्वतःचं लेखन घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' 1982 साली 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं, 1986 साली त्याचं पुस्तक झालं. त्यात वीरगावचा महारवाडा आहे, अंगात येणाऱ्या बाया आहेत, कोवळ्या वयातली बाळंतपणं आहेत, बाबासाहेबांच्या भाषणाने पेटलेली माणसं आहेत. लेखिका स्वतः मात्र कडेला उभी. पुढे मुलाखत घेणाऱ्या माया पंडित यांना त्यांनी सांगितलं की नवरा आपल्यालाही मारायचा. हे पुस्तकात का नाही? समाजाचं दुःख त्यांना आपल्या दुःखापेक्षा मोठं वाटलं. ते वाचून मी पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा सुनांच्या छळाची पानं पहिल्यापेक्षा कितीतरी जड झाली होती.