संगणकाची झाडलोट : केर कोणता, दाणे कोणते?

आखाजी जवळ आली की आमच्या असोद्यात घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरचे डबे अंगणात येतात, गोधड्या उन्हात पडतात. सासरी गेलेल्या लेकी यायच्या आत घर लख्ख झाले पाहिजे, म्हणून म्हाताऱ्या माणसांचाही पाय एका जागी ठरत नाही. या कामात आता आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक. त्याच्यावरची धूळ आपण फडक्याने पुसतो. आतला केर कसा काढावा, आणि मुळात केर कशाला म्हणावे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते, म्हणून वाचकहो, हा लेख.

झाले असे, की मागच्या आखाजीला बहीण माहेरी आली, बरोबर भाचा. कॉलेजात शिकणारा, हुशार, न सांगता मामाच्या कामाला हात लावणारा. आमचा संगणक फार रखडत होता. "मामा, मी साफ करून देतो," असे म्हणून तो बसला आणि मी केळीला पाणी द्यायला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तो संगणक खरोखरच हलका झालेला. सगळ्यांनी पोराचे कौतुक केले. दोन दिवसांनी बहीण म्हणाली, "आईची गाणी लाव ना भाऊ." आईने म्हटलेली आखाजीची तीन गाणी बहिणीने पूर्वी मोबाइलवर टिपली होती आणि व्हॉट्सॲपवरून मी ती संगणकावर उतरवून घेतली होती. आई आता नाही. आणि गाणीही जागेवर नव्हती.

या गावात असे व्हावे याचे जास्तच वाईट वाटले. बहिणाबाई चौधरी या असोद्याच्या लेक. १८८० साली इथल्या महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात-शेतात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जी कागदावर उतरवून ठेवली, ती आपल्याला मिळाली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आम्ही तर गाणी यंत्रात धरून ठेवली होती, आणि आपल्याच हाताने पुसली.

केर होतो कसा?

खळ्यावर मळणी चालली की दाण्याबरोबर भुसाही पडतो. संगणकाचे तसेच आहे. एखादा नवा प्रोग्रॅम बसवताना, कागद छापायला पाठवताना, विंडोज स्वतःला नवे रूप देत असताना ते यंत्र स्वतःच्या सोयीसाठी कच्च्या नोंदी करते. त्यांना टेम्पररी, म्हणजे तात्पुरत्या फाइली म्हणतात. काम संपले की यंत्राने त्या आपण होऊन पुसाव्यात अशी अपेक्षा असते. पण मध्येच वीज गेली की त्याला आवरायला सवड मिळत नाही, आणि तो पसारा तसाच राहतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

या फाइली काढल्याने काही बिघडत नाही. लागल्या तर यंत्र पुन्हा तयार करते. ज्या फाइली त्या क्षणी वापरात असतील त्या संगणक पुसूच देत नाही, त्या वगळून पुढे जावे. सुरक्षित साफसफाईचे सगळे मर्म इथेच आहे. जे यंत्राने स्वतःसाठी केले ते काढायला हरकत नाही. जे तुम्ही आणले, लिहिले किंवा टिपले, त्याला हात लावण्यापूर्वी दहादा पाहावे.

आता कृती. संगणक सुरू करून सगळी उघडी कामे बंद करावीत. सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम, त्यात स्टोरेज आणि त्यात टेम्पररी फाइल्स उघडावे. थोडा वेळ थांबले की एक यादी येते आणि प्रत्येक नावापुढे खूण करण्याचा चौकोन असतो. टेम्पररी फाइल्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स, थंबनेल्स या नावांवर खुशाल खूण करावी. थंबनेल्स म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रतिमा. मूळ फोटो जात नाहीत. काही खुणा आधीच केलेल्या असतात, त्याही वाचून घ्याव्यात. मग रिमूव्ह फाइल्स हे बटण दाबावे.

पण त्याच यादीत डाउनलोड्स असेही एक नाव असते! भाच्याने खूण केली ती इथेच. इंटरनेटवरून किंवा व्हॉट्सॲपवरून संगणकावर उतरवलेली प्रत्येक गोष्ट सहसा याच कप्प्यात पडते. सही असलेला डिजिटल सातबारा, पीकविम्याची पावती, माती परीक्षणाचा अहवाल, मुलीचे विद्यापीठाचे हॉल तिकीट, लग्नाचे फोटो, सगळे तिथेच. विंडोज त्यावर आपण होऊन खूण करीत नाही. परंतु जास्त जागा मोकळी व्हावी म्हणून उत्साहाने सगळे चौकोन भरणारे हात घराघरांत आहेत. या मार्गाने पुसलेले रिसायकल बिनमध्येसुद्धा जात नाही, सरळ नाहीसे होते. सातबारा पुन्हा शुल्क भरून काढता येईल. आईचा आवाज कुठून काढणार?

रिसायकल बिन हेही यादीत असते. ती आपली कचऱ्याची टोपली खरी, पण ओतण्यापूर्वी आत एकदा डोकवावे. घाईत भलतेच तिच्यात पडलेले असू शकते. आणि विंडोजची नवी आवृत्ती नुकतीच बसवली असेल तर जुन्या विंडोजच्या फाइली दहा दिवस राहू द्याव्यात. नवी आवृत्ती नीट चालली नाही तर परत जायला त्याच लागतात.

ब्राउझरच्या वहीत काय असते?

दुसरा पसारा ब्राउझरचा, म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स यांचा. तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पेटीत ठेवलेल्या असतात. हिस्ट्री म्हणजे तुम्ही कोणकोणत्या पानांवर गेलात त्याची यादी. कॅशे म्हणजे त्या पानांवरील चित्रांच्या जवळ ठेवलेल्या प्रती, पुढच्या वेळी पान लवकर उघडावे म्हणून. आणि कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी. ती असते म्हणून मेल किंवा बँक तुम्हाला ओळखते आणि दरवेळी दारात अडवीत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबली की ही पेटी उघडते. किती काळाचे पुसायचे ते वर विचारतात. कॅशे पुसणे अगदी निर्धोक. एखाद्या सरकारी अर्जाचे पान अर्धवट किंवा जुनेच दिसत असेल तर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. मात्र रोज पुसू नये. आपल्याकडे रेंज आधीच तुटपुंजी, त्यात प्रत्येक चित्र नव्याने आणावे लागते. वेळही जातो आणि डेटाही. कुकी पुसल्या तर सगळीकडून तुम्ही बाहेर पडता. पासवर्ड आठवत नाही, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो धाकट्या भावाबरोबर पुण्याला, अशी गत व्हायची. म्हणून आधी पासवर्ड वहीत उतरवून वही कपाटात ठेवावी, मग कुकीला हात लावावा.

त्याच पेटीत पासवर्ड्स आणि ऑटोफिल अशीही नावे असतात. घरच्या संगणकावर त्यांच्या खुणा काढून टाकाव्यात. क्रोममध्ये तुम्ही आपल्या खात्याने आत असाल आणि सिंक चालू असेल, तर इथे पुसलेले पासवर्ड त्याच खात्याच्या मोबाइलमधूनही जातात. हे पुष्कळांना माहीत नसते.

सेवा केंद्रावर मात्र उलटे

घरी जपायचे ते बाहेर पुसायचे, हे नीट ध्यानात घ्या. सेवा केंद्रात किंवा कुणाच्या दुकानात बसून आपण आधार, पॅन, बँकेचे पासबुक संगणकावर चढवतो आणि काम झाले की उठून घरी येतो. कागद त्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये पडून असतात. केंद्रचालक भला असला तरी पुढचा माणूस कोण बसेल? तेव्हा शक्य असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून क्रोमची खासगी खिडकी उघडून द्यायला सांगावे. तिच्यात हिस्ट्री राहत नाही, पण उतरवलेल्या फाइली राहतात. म्हणून उठण्यापूर्वी लॉग आउट करावे, आपली फाइल निवडून शिफ्ट धरून डिलीट दाबावे, आणि पासवर्ड जतन करू का असे यंत्राने विचारले की नको म्हणावे. मागायला संकोच कसला? आपला अंगठा उठवलेला कागद आपण दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून येतो का?

हिस्ट्री पुसली म्हणजे सगळे पुसले, असेही नव्हे. पुसली जाते ती तुमच्या संगणकावरची यादी. बँकेकडची, सरकारी कचेरीकडची किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याकडची नोंद त्यांच्यापाशी असतेच. आणि घरात फसवणूक झाली असेल, खात्यातून पैसे गेले असतील, तर काहीही पुसू नये. घाबरून किंवा लाजेने मुले आधी हिस्ट्री साफ करतात, आणि कोणत्या पानावर काय झाले याचा मागच नाहीसा होतो. तसाच संगणक ठेवून ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे.

तुमचा संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर फोन करा, अशी लाल पाटी पडद्यावर झळकली तर ती फसवी समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. साफसफाईचे फुकट प्रोग्रॅमही आणून बसवू नयेत. वर सांगितलेल्या सोयी संगणकात आहेतच. आणि साफ केला म्हणजे यंत्र बैलासारखे धावू लागेल अशीही आशा नको. डिस्क भरत आली असेल तरच फरक जाणवतो, एरवी फारसा नाही.

आमच्या गाण्यांचे काय झाले म्हणाल, तर बहिणीचा जुना मोबाइल तिच्या सासरी कपाटात सापडला. काच फुटलेली, पण चार्जिंग घेत होता. त्यात दोन गाणी मिळाली. ती आता एका वेगळ्या कप्प्यात आहेत, त्याला "आई" असे नाव दिले आहे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. तिसरे गाणे त्यात नव्हते. त्याच्या चार ओळी बहिणीला येतात, त्या भाच्याने वहीत लिहून घेतल्या. यंदा आखाजीला मावशीही येणार आहे; पुढचे तिला आठवते का ते विचारायचे आहे.