खडू आणि तागडी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या पाठ होत आली. आणि ती म्हणणाऱ्या बहुतेक बापांनीं आपापल्या मुलांस नोकरीच पाहावयास सांगितलें. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक होय. साताऱ्यास एका शाळेंत सदतीस वर्षें मीं मुलांना शिकविलें. धाकटा मुलगा बी. कॉम. होऊन 2014 सालीं किराणा मालाचें दुकान घालण्याची भाषा बोलूं लागला, तेव्हां मीं त्याच्याशीं आठ दिवस अबोला धरला. ‘गुरुजींचा मुलगा वाणी झाला’ असें लोक म्हणतील, एवढेंच माझें भय. आणि तें भय मला त्या वेळीं फार सात्त्विक वाटत होतें.

शास्त्राचा आधारहि मजपाशीं होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आपद्धर्म म्हणून ब्राह्मणास वैश्यवृत्तीची मुभा आहे. परंतु मीठ, तीळ, दूध, शिजविलेलें अन्न वगैरे पदार्थांच्या विक्रयास निर्बंधहि आहे. मीं तो मुलास ऐकविला. तो हंसून म्हणाला, “बाबा, मग किराणा दुकानांत उरलें काय?” यावर मजपाशीं उत्तर नव्हतें.

वास्तविक, मनु उघडणाऱ्यानें कौटिल्यहि उघडावयास हवा होता. अर्थशास्त्रांत व्यापाऱ्याचा नफा स्वदेशीय मालावर शेंकडा पांच व परदेशीय मालावर शेंकडा दहा असा नेमून दिलेला आहे, आणि वजनें-मापें दर चार महिन्यांनीं तपासून घ्यावीं असें सांगितलें आहे. आज इलेक्ट्रॉनिक वजनकाटा वैधमापन खात्याकडून दर वर्षीं पडताळून घ्यावा लागतो. म्हणजे एवढ्या शतकांत तागडीवरचा संशय कायमच आहे, आणि तो असावा हेंच योग्य! उदाहरणेंहि दूरचीं नव्हतीं. बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1888 सालीं सायकलींचें दुकान काढलें. गिरगांवांत विश्वनाथ परशुराम बेडेकरांनीं 1910 सालीं घातलें तें किराणा मालाचेंच दुकान होतें, लोणचीं व मसाले हे त्याचे पुढील विस्तार. पण दुसऱ्याच्या मुलानें केलेला धंदा हा उद्योग आणि आपल्या मुलानें केलेला धंदा ही अधोगति, अशी आपली समजूत असते.

2016 सालीं मी सेवानिवृत्त झालों. मुलगा म्हणाला, “दुपारीं मी मालाला जातों, तेवढा वेळ तुम्ही गल्ल्यावर बसाल का?” मी बसूं लागलों, आणि वयाच्या साठीला टेकतांना पुन्हा विद्यार्थी झालों.

पहिला धडा हा कीं, दुकानदाराचें पंचांग गिऱ्हाइकाच्या पंचांगापुढें पंधरा दिवस चालतें. आषाढी एकादशीचा साबुदाणा, वरी व शेंगदाणे, दिवाळीचा रवा, मैदा, डाळीचें पीठ आणि पोहे, संक्रांतीचा तीळ व चिकीचा गूळ, हें सर्व गिऱ्हाइकाच्या मनांत येण्यापूर्वीं फळीवर असावें लागतें; आणि सण सरल्यावर उरलें तें अडकलेलें भांडवल. दुसरा धडा घटीचा. पन्नास किलोंच्या पोत्यांतून किलोच्या पुऱ्या पन्नास पुड्या क्वचितच निघतात. कांहीं सांडतें, कांहीं निवडण्यांत जातें. पावसाळ्यांत गुळाला पाणी सुटतें, रव्याला जाळी धरते, कडधान्य किडतें. बंद पुड्यांवरील मुदत रोज पाहावी लागते, नाहीं तर नफा केरांत जातो.

तिसरा धडा हिशेबाचा. 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर आला, तेव्हां लहान दुकानदार घाबरले होते. आज केवळ वस्तु विकणाऱ्यास आपल्या राज्यांत चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणीची सक्ति नाहीं. आणि नोंदणी केलीच तर दीड कोटीपर्यंत शेंकडा एक रुपया कर भरण्याची सोपी योजना आहे. खरा जाच कराचा नसून आळसाचा असतो. रोजची नोंद रोज केली म्हणजे निम्मा हिशेब झालाच. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून सुट्या पैशांची हुज्जतहि पुष्कळ कमी झाली. मात्र हातांत नाणें न वाजल्यामुळें दिवसाची कमाई मनाला लवकर उमगत नाहीं, म्हणून ती रात्रीं वहींत लिहूनच पाहावी.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. मी गल्ल्यावर बसूं लागलों आणि उधारीची वही जाड होऊं लागली. समोर उभें राहिलेलें प्रत्येक माणूस माझा विद्यार्थी, त्याचा पालक किंवा माझा जुना सहकारी. “गुरुजी, पहिल्या तारखेला देतों” म्हटलें कीं मला पैसे मागण्याची लाज वाटे. ती लाज म्हणजे उदारता, असें मी समजत होतों. दोन वर्षांत चौऱ्याऐंशी हजार रुपये त्या वहींत जाऊन बसले. मुलगा एक-दोनदां हळूच म्हणाला, “बाबा, जरा जपून,” आणि मीं त्यास लोकसंग्रहावर व्याख्यान दिलें.

2018 च्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. चौरंगावर वह्या मांडल्या होत्या. सूनबाईनें निरांजन लावलें, तेव्हां तिच्या हातांत नुसत्या कांचेच्या बांगड्या दिसल्या. मीं विचारलें, “आज सणाच्या दिवशीं पाटल्या नाहींत घातल्या?” ती म्हणाली, “बँकेंत आहेत, बाबा.” मुलगा खालीं पाहत होता. मागील बिल थकल्यामुळें घाऊक व्यापाऱ्यानें दिवाळीचा माल रोखीशिवाय देण्याचें नाकारलें होतें. पन्नास हजारांना पाटल्या गहाण ठेवून तो माल आला होता. माझ्या हातून वही काढून घेणें हा बापाचा अपमान होईल, म्हणून दोघेंहि गप्प राहिलीं होतीं.

त्या रात्रीं मीं त्रैराशिक मांडलें. नव्वदांस घेऊन शंभरांस विकलें तर दहा रुपये सुटतात. त्यांतूनच भाडें, वीज आणि पोट. पाडव्यानंतर मी स्वतः दारोदार हिंडलों. कोणी तत्काळ पैसे दिले, कोणी मला पाहून रस्ता ओलांडला, एका सहकाऱ्यानें बोलणेंच सोडलें. तीनशें चाळीस रुपये देणें असलेल्या एका वृद्ध बाई मात्र दुकानांत आपण होऊन आल्या व “गुरुजी, तुम्ही याल म्हणून मीच आलें” असें म्हणाल्या. एकंदर एकसष्ट हजार वसूल झाले, तेवीस हजार बुडाले. तेवीस हजारांच्या मालाची खरेदी वीस हजार सातशें. शंभरांमागें दहांच्या हिशेबानें ती भरून काढावयास दोन लाख सात हजारांची विक्री फुकट करावी लागते. शाळेंत असलीं गणितें मीं शेंकडों घातलीं; त्यांचें उत्तर कोणाच्या तरी मनगटावर असतें हें त्या रात्रीं कळलें.

तेव्हांपासून घरांत एक नियम झाला: दान वेगळें आणि उधारी वेगळी. दरमहा नफ्यांतून दोन हजार रुपये बाजूस काढून ते ‘दान’ म्हणून खर्चीं टाकावयाचे. त्यापलीकडे सर्व व्यवहार रोख. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी आली. किराणा जीवनावश्यक म्हणून आमचें दुकान उघडें होतें. ज्यांचें हातावरचें पोट बंद पडलें होतें अशांच्या घरीं त्या पैशांतून शिधा गेला; कांहीं महिने रक्कम वाढवावीहि लागली. पण वहींत कोणाचेंहि नांव लिहिलें नाहीं. त्यामुळें आज रस्त्यांत कोणी मला चुकवीत नाहीं, आणि मीहि कोणास चुकवीत नाहीं. पाटल्या 2019 च्या दसऱ्यालाच सोडवून आणल्या होत्या.

मोठीं दुकानें आलीं आहेत, घरबसल्या माल मागविण्याची सोय आली आहे. लहान दुकानाचा नफा त्यामुळें घटला, हें खोटें कशास बोलूं? पण कोणत्या घरीं मधुमेहाचा रोगी आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हें आमच्या दुकानास ठाऊक असतें, आणि त्या ओळखीवरच तें टिकून आहे. ज्यांचा मुलगा दुकान घालूं म्हणतो त्या वडीलधाऱ्यांस एवढेंच सांगणें आहे: त्यास अडवूं नका, जमाखर्च रोज पाहा, आणि आपल्या भिडेची किंमत सुनेच्या दागिन्यांतून देऊं नका.

असो. चार वाजत आले; फळ्या उघडावयास हव्यात.