शाळेचे फाटक कोणासाठी बंद, कोणासाठी उघडे?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका शाळेच्या फाटकाबाहेर मी एका ठाकर आईबरोबर उभी होते. तिचा मुलगा तिसरीत. अंगात ताप आहे, घेऊन जा, असा निरोप बाईंनी शेजाऱ्याच्या मोबाईलवर दिला होता. ती बांधकामावरून तशीच निघाली. पायाला सिमेंट, डोक्यावर पदर, हातात काही नाही. फाटकावरचा रखवालदार नवा होता. त्याने आधार कार्ड मागितले, ते झोपडीत राहिले होते. कार्डाशिवाय आत सोडायचे नाही, असा त्याला हुकूम. तिने वाद घातला नाही, कुंपणाच्या कडेला जाऊन बसली. मी पोहोचले तेव्हा ती जवळजवळ तासभर तिथे बसलेली होती. शेवटी एका शिक्षिकेने खिडकीतून पाहिले, ओळखले आणि मूल बाहेर आले.

त्याच महिन्यात आम्ही चार पाहुण्यांना घेऊन मोटारीने त्याच शाळेत गेलो. हॉर्न वाजताच फाटक उघडले. नाव कोणी विचारले नाही, वहीत सही कोणी घेतली नाही. पाहुण्यांनी वर्गावर्गात जाऊन मुलांचे फोटो काढले.

मला दोष रखवालदाराला द्यायचा नाही. त्याला जे सांगितले होते ते त्याने केले. पण एकाच फाटकाने आईला अडवले आणि अनोळखी माणसांना आत सोडले, याचा अर्थ ते फाटक मुलांची राखण करत नव्हते. ते कपडे आणि वाहन पाहत होते. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत गेला नाही. आईला विचारले तर म्हणाली, “ताई, तिथं आपल्याला कोन वळखतंय?”

म्हणून या अंकात शाळा आणि वसतिगृहांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत आहे. शाळा सुरक्षित हवी आणि ती आईबापांना मोकळीही हवी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे आपण धरून चालतो. थोडे खोलात गेले की तसे नाही हे कळते.

कुंपण हवेच

आपल्या भागात कुंपण ही चैन नाही. तळेगाव–चाकण किंवा चाकण–शिक्रापूर रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलर दिवसरात्र धावतात. भोसरी, तळवडे, चिखली, म्हाळुंगे, कुरुळी, कुठेही पाहा, शाळेच्या शेजारी वर्कशॉप, भंगाराचे गोदाम, मजुरांच्या खोल्या. मधल्या सुट्टीत मूल रस्त्यावर धावले की काय होईल हे कोणाला सांगायला नको. रात्री नळाच्या तोट्या आणि वायरी चोरीला जातात, मैदानात बाटल्या सापडतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ यानेही शाळेला संरक्षक भिंत किंवा कुंपण असावे असे परिशिष्टात सांगितले आहे. प्रश्न कुंपण असावे की नसावे हा नाही. कुंपण कोणत्या धोक्यासाठी आहे आणि कोणता धोका त्याने टळत नाही, हा आहे.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना तामिळनाडूतील कुंभकोणमची. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. छप्पर झावळ्यांचे होते. आग वरच्या मजल्यावरच्या वर्गांच्या छपरापर्यंत पोहोचली. उतरायला जिना अरुंद. ९४ मुले गेली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, आणि शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील अग्निसुरक्षेचे नियम पाळलेच पाहिजेत.

दुसरी घटना दूरची आहे, पण आपल्या कामाच्या अगदी जवळची. दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात महदिया नावाचे खाणकामाचे गाव आहे. तिथे दूरच्या आदिवासी वस्त्यांतील मुलींसाठी सरकारी वसतिगृह होते. मुलींनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून दारांना कुलपे आणि खिडक्यांना लोखंडी गज. २१ मे २०२३ च्या रात्री आत आग लागली. घाबरलेल्या गृहप्रमुखांना किल्ल्या वेळेत सापडल्या नाहीत. बचावासाठी आलेल्यांना भिंती फोडाव्या लागल्या. वीस मुले मृत्युमुखी पडली, त्यात बहुतेक आदिवासी मुली. त्या गजांमागे आणि कुलपांमागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. मुलींच्या काळजीपोटीच ते केले होते. आपल्याकडेही कितीतरी वसतिगृहांत रात्री नऊला बाहेरून कुलूप लागते, आणि किल्ली अधीक्षकांच्या उशाखाली असते.

तिसरी घटना आपल्या राज्यातली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप होता शाळेतच कंत्राटी पद्धतीने ठेवलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर. गुन्हा नोंदवण्यासाठीही पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. वेळेत पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांबाबत कडक सूचना दिल्या.

या तिन्ही घटनांत उंच भिंतीने एकही मूल वाचले नसते. पहिल्या दोन ठिकाणी बाहेर पडण्याची वाट हवी होती. तिसऱ्या ठिकाणी धोका फाटकाच्या आतच होता, आणि तिथे आतले पाहणारे डोळे हवे होते.

मोकळी शाळा म्हणजे काय?

मोकळी शाळा म्हणजे कोणीही यावे, कुठेही फिरावे असे नाही. मोकळी शाळा म्हणजे जिथे मुलाच्या माणसाला येता येते, पाहता येते, विचारता येते. शिक्षण हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असायला हव्यात. म्हणजे ठाकर, कातकरी, महादेव कोळी पालक हा शाळेचा पाहुणा नाही, कायद्याने तो शाळेचा कारभारी आहे.

निवासी शाळेत तर हे आणखी मोलाचे. खेड, आंबेगाव, मावळच्या डोंगरातले मूल आईबापांपासून महिनोन्‌महिने दूर राहते. पोटात दुखते, कोणी मारते, कोणी नको तिथे हात लावते, हे ते कोणाला सांगणार? अधीक्षकांविषयीच तक्रार असेल तर अधीक्षकांना सांगणार का? आईची भेट आणि आईचा फोन एवढीच त्याची खिडकी. शिस्तीच्या नावाखाली ती खिडकी बंद केली की मूल खरोखर एकटे पडते. जिथे आईबाप केव्हाही येऊ शकतात, तिथे वाईट काम करणाऱ्याला धीर होत नाही.

चांगल्या फाटकाच्या सहा खुणा

१. आत येण्याची वाट एक, बाहेर पडण्याच्या वाटा अनेक. रोजच्या येण्या-जाण्याला एकच फाटक असावे, म्हणजे लक्ष राहते. पण इमारतीतून बाहेर पडायला किमान दोन वेगवेगळे मार्ग हवेत, आणि त्यांत बाके, तांदळाची पोती, मोडके सामान नको.

२. दार बाहेरच्या बाजूला उघडावे. घाबरलेली मुले दारावर रेटा देतात. दार आत उघडणारे असेल तर त्या रेट्यानेच ते बंद राहते. वसतिगृहाला रात्री कडी आतून असावी, बाहेरून कुलूप कधीच नको. खिडकीला गज असतील तर निदान एक जाळी आतून उघडता यावी. हे काम स्थानिक सुतार आणि वेल्डर करू शकतात.

३. ओळख माणसाची, कागदाची नंतर. प्रवेशाच्या वेळीच मुलाला कोण न्यायला येईल त्या दोन-तीन माणसांचे फोटो घेऊन ठेवावेत. कार्ड नसेल तर रखवालदाराने वर्गशिक्षिकेला बोलवावे. तोवर बसायला फाटकाच्या आत सावलीत बाक आणि प्यायला पाणी असावे. आणि ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्या हाती मूल देऊ नये, मग तो कितीही चांगल्या कपड्यांत असो.

४. आतल्यांची पडताळणी आधी. रखवालदार, सफाई कामगार, स्वयंपाकी, गाडीचालक, ठेकेदाराची माणसे, सर्वांची पोलीस पडताळणी झाल्यावरच काम. मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ महिला कर्मचारी असावी.

५. कॅमेरा डोळ्यांच्या मदतीला, डोळ्यांच्या जागी नव्हे. तो चालू आहे का, चित्रीकरण कोण पाहतो, किती दिवस जपतो, हे समितीने ठरवावे. तक्रारपेटी एकट्या मुख्याध्यापकांनी उघडू नये, पालक प्रतिनिधी समोर असावा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर भिंतीवर लिहावा. अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळवणे ‘पॉक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

६. सराव. वर्षातून दोनदा घंटा वाजवून सर्वांनी मैदानात यायचे आणि डोकी मोजायची. वसतिगृहात एक सराव रात्री, दिवे बंद असताना. पहिल्या वेळी गोंधळ होतो. कोणती कडी अडकते, कोणते मूल झोपेतून उठत नाही, हे त्या गोंधळातच कळते.

आपण काय करू शकतो?

आता आपल्याविषयी थोडे. नाताळच्या आधी आपल्या मंडळ्या खाऊ, स्वेटर, चादरी घेऊन वसतिगृहांना भेटी देतात. त्यामागचे प्रेम मी पाहिले आहे. पण त्या दिवशी फाटकातून आत येणारी अनोळखी माणसे आपणच असतो. म्हणून विनंती आहे. आधी कळवून या. वहीत नाव लिहा, विचारले नाही तरी मागून लिहा. मुलाला एकटे बाजूला नेऊ नका. परवानगीशिवाय फोटो काढू नका आणि मोबाईलवरून पुढे पाठवू नका. रखवालदाराने अडवले तर रागावू नका, त्याचे आभार माना. आपण नियम पाळला की गरीब आईलाही तोच नियम लागू होतो, वेगळा नाही.

देणगी देतानाही विचारा. रंगकाम आणि नामफलक डोळ्यांना दिसतात. बाहेर उघडणारे दार, दुसरा जिना, फाटकाजवळचा बाक यांवर कोणाचे नाव कोरले जात नाही. तरीही पहिल्यांदा पैसे तिथे लागू द्या.

त्या शाळेने फाटकाच्या आत एक बाक ठेवला आहे. शिक्षिका आणि रखवालदार यांनी मिळून पालकांच्या फोटोंची वही केली आहे. तो मुलगा जूनपासून पुन्हा वर्गात बसतो. अर्धे वर्ष बुडाले, गणित मागे पडले, ते भरून काढायला वेळ लागेल. मागच्या आठवड्यात त्याची आई त्याला न्यायला आली, तेव्हा रखवालदाराने तिला मुलाच्या नावाने हाक मारली, “अमक्याची आई, या, बसा.” ती बसली नाही, घाई होती. पण जाताना हसली.

आपल्या वसतिगृहांतील मुलांसाठी, त्यांच्या आईबापांसाठी आणि फाटकावर उभ्या असणाऱ्या माणसांसाठी या तिमाहीत प्रार्थना करावी, ही विनंती.