ड्रोनचित्रणाचा सराव आणि संकलन : खानदेशातील डाइक-रांगांच्या निमित्ताने

धुळे जिल्ह्यातील पठारी प्रदेशातून जाणाऱ्यास काळ्या दगडांच्या अरुंद व लांबट टेकड्या वरचेवर आढळतात. पायथ्याशी उभे राहून पाहिले असता त्या एकमेकींपासून सुट्या वाटतात. उंचावरून पाहिले म्हणजे त्याच एका सरळ रेषेत बसलेल्या दिसतात. या टेकड्या म्हणजे डाइक होत. दख्खनच्या लाव्हाथरांना पडलेल्या उभ्या भेगांत शिलारस शिरून तेथेच थिजला आणि पुढे भोवतालचा खडक अधिक वेगाने झिजून गेल्यावर ही कठीण भिंत उघडी पडली. रे, शेठ व मलिक यांनी नंदुरबार-धुळे डाइकसमूहाची जी पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली, तीत दोनशेंहून अधिक डाइकांची नोंद असून साक्री-धुळे-पारोळा या रेषेतील सर्वांत लांब डाइकची लांबी सुमारे ७९ किलोमीटर दिली आहे. या डाइकांचा रोख बहुतांशी पूर्व-पश्चिम आहे.

पायी फिरणाऱ्याच्या दृष्टीत एकदम न मावणाऱ्या अशा भूरूपासाठी ड्रोन हे साधन फार उपयुक्त आहे. साधन हाती येताच काम साधते, असा समज मात्र लवकरच खोटा ठरतो. नवशिक्याने प्रथम टिपलेली दृश्ये बहुधा घाईची, हेलकावणारी आणि उन्हाने पांढरी पडलेली असतात. पाहणाऱ्याला आकाशात फिरून आल्याचा आनंद त्यांतून मिळतो. डाइक कोठे सुरू झाली, कोठे तुटली आणि नाल्याने तिला कोठे छेदले, हे मात्र समजत नाही. हा दोष यंत्राचा क्वचितच असतो. उपग्रहांवरून स्थान ओळखून ड्रोन हवेत स्थिर राहतो, आणि तीन अक्षांवर फिरणारी कॅमेऱ्याची बैठक बारीक हिसके शोषून घेते. ही स्थिरता आयती मिळत असल्यामुळेच शिकण्यासारखे काही उरले नाही असा भ्रम होतो. वस्तुतः कोठून पाहावे, किती सावकाश पाहावे आणि कोठे थांबावे, हे यंत्र ठरवीत नाही.

महाराष्ट्रातील चित्रपटाचा आरंभ या बाबतीत बोधप्रद आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला. परंतु त्यापूर्वी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते हे ठरावीक अंतराने चित्रे घेऊन एका लहानशा चित्रफितीत दाखविले होते. विषय एक, जागा एक आणि बदलणारी गोष्टही एकच. खानदेशातील चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी तर घराच्या चार भिंतींत, टेबलावर मांडलेल्या लहान वस्तूंमधून निसर्गदृश्यांचा आभास निर्माण केला. प्रकाश आणि मांडणी यांचा अभ्यास करण्यास दूर जावे लागत नाही, हे त्यांच्या कामावरून दिसते. ड्रोनचित्रणाचा सरावही असाच मर्यादित विषयापासून सुरू व्हावा.

पहिला पाठ एका जागी स्थिर राहण्याचा आहे. मोकळ्या रानात १० मीटर उंचीवर ड्रोन थांबवून, कॅमेरा न हलविता अर्धा मिनिट चित्रण करावे. दुसरा पाठ सरळ रेषेचा. बांध किंवा पाट यांसारखी रेषा चौकटीच्या मध्यावर धरून, वेग न बदलता तिच्यावरून जावे. तिसऱ्या पाठात जागेवरूनच सावकाश वळावे. प्रत्येक हालचालीच्या आधी व नंतर पाच सेकंद स्थिर चित्रण ठेवावे. नवशिक्या नेमका हाच भाग वगळतो, आणि मग संकलनाच्या वेळी दृश्य जोडण्यास कडाच सापडत नाही. एकाच उड्डाणात चारही दिशांना भटकण्यापेक्षा एकच हालचाल दहा वेळा करून त्या दहांची तुलना करणे अधिक फलदायी होय.

वेगासंबंधीची चूक गणिताने चटकन उमगते. ज्या कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन सुमारे ७० अंश आहे, तो सरळ खाली रोखला असता ६० मीटर उंचीवरून जमिनीचा सुमारे ८४ मीटर रुंद आणि ४७ मीटर उभा पट्टा दिसतो. ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे जात असेल, तर जमिनीवरील एखादे झाड चौकटीतून पार होण्यास नऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हीच उंची २० मीटर केली की उभा पट्टा १६ मीटरांवर येतो आणि तेच झाड तीन सेकंदांत नाहीसे होते. वेग तोच, परंतु डोळ्याला तो तिप्पट भासतो. यास्तव उंची कमी करताना वेगही त्याच प्रमाणात कमी केला पाहिजे. वळण घेतानाही हेच सूत्र लागू पडते. वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास निदान सात सेकंद लागावेत असे धरले, तर ७० अंशांच्या दृष्टिकोनास सेकंदाला १० अंश ही वळण्याची कमाल मर्यादा ठरते.

प्रदक्षिणेचे चित्रण सर्वांत कठीण. कारण त्यात बाजूला सरकणे आणि उलट दिशेने वळणे या दोन क्रिया एकाच वेळी साधाव्या लागतात. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरल्यास पूर्ण फेरीस सुमारे ६३ सेकंद लागतात व वळण्याचा वेग सेकंदाला सहा अंशांपेक्षा थोडा कमी ठेवावा लागतो. हे स्वयंचलित रीतीने करून घेण्याची सोय अनेक ड्रोनांत असते. तथापि हाताने ते साधेपर्यंत ती सोय न वापरणे हिताचे. कारण डाइकची धार काही वर्तुळ नसते.

प्रकाशाचा प्रश्न खानदेशात विशेष बिकट आहे. हालचाल डोळ्यास नैसर्गिक वाटावी म्हणून शटरचा वेळ चित्रगतीच्या दुपटीच्या व्यस्त प्रमाणात ठेवण्याची रीत आहे. सेकंदाला २५ चित्रे घेत असल्यास तो १/५० सेकंद असावा. भर उन्हात आयएसओ १०० व छिद्र एफ/१६ असता १/१०० सेकंद हा वेळ पुरतो, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. लहान ड्रोनांचे छिद्र पुष्कळदा एफ/२.८ वर कायम असते. म्हणजे प्रकाश ३२ पट अधिक येतो आणि वेळ १/३२०० सेकंदावर उतरतो. तो १/५० वर आणण्यासाठी प्रकाश ६४ पटींनी कमी करणारी करडी काच भिंगापुढे बसवावी लागते. ही काच न लावल्यास प्रत्येक चित्र सुटे व कोरडे दिसते आणि हालचाल तुटक वाटते. प्रकाश व रंगसंतुलन आपोआप ठरविण्याची सोयही बंद करावी. नाही तर काळ्या खडकावरून वाळलेल्या गवतावर जाताना सारे दृश्य एकाएकी उजळते वा मंदावते, आणि खडकाचा रंग बदलला की यंत्राने बदलविला हे कोणासच सांगता येत नाही.

पहाटेचा किंवा संध्याकाळचा कलता प्रकाश उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते. लांब सावल्यांमुळे जमिनीचे उंचसखलपण उठून दिसते, हे त्याचे कारण. क्रॉफर्ड व केलर यांनी इंग्लंडमधील प्राचीन अवशेषांची विमानातून घेतलेली छायाचित्रे १९२८ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून पुरातत्त्वातही सावल्यांचा हा उपयोग रूढ आहे. परंतु पूर्व-पश्चिम पसरलेल्या डाइकला हा नियम डोळे झाकून लावता येत नाही. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास उगवता सूर्य डाइकच्या रेषेतच असतो. त्यामुळे तिची सावली तिच्याच अंगावर पडते आणि धार उठून दिसत नाही. मे महिन्याच्या अखेरीस धुळ्याला मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो व सावलीच उरत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी नऊच्या सुमारास सूर्य पूर्वेपासून सुमारे ४३ अंश दक्षिणेकडे व क्षितिजावर सुमारे २८ अंश असतो. अशा वेळी १० मीटर उंच धारेची सावली तिच्या उत्तरेस सुमारे १३ मीटरपर्यंत पडते. डाइकच्या चित्रणास योग्य ऋतू हिवाळा आणि योग्य वेळ कोवळ्या उन्हानंतरची, हे ठरते ते असे. विषयाची दिशा समजल्यावाचून प्रकाशाचा नियम सांगता येत नाही, हाच यातील धडा.

हवामानाचेही भान राखावे लागते. तापलेली हवा विरळ असल्याने उन्हाळ्यात पंख्यांना अधिक श्रम पडतात व बॅटरी लवकर संपते. वारा उंचीबरोबर वाढतो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध व परतताना वाऱ्याबरोबर यावे, आणि बॅटरीत तीसेक टक्के शिल्लक असतानाच उतरावे. काळ्या मातीवरून उड्डाण करताना खाली सतरंजी अंथरली तर धूळ भिंगावर व मोटरींत जात नाही.

कायद्याची चौकटही अभ्यासाचाच भाग मानली पाहिजे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंतच्या उड्डाणास पूर्वपरवानगीची अट ठेवली नाही. मात्र चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर ठरविली. जळगावचा विमानतळ आणि भुसावळ व वरणगाव येथील आयुधनिर्माण्या लक्षात घेता, उड्डाणापूर्वी क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहणे अपरिहार्य आहे. पाटणादेवीसारख्या स्थळी संरक्षित स्मारक व अभयारण्य या दोन्ही नात्यांनी वेगळी अनुमती लागते. आणि नियमांत नसले तरी ज्याच्या शेतावरून जावयाचे त्याला आधी सांगणे हे कर्तव्यच होय.

चित्रण संपले म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे संकलन. आरंभी सर्व दृश्ये काहीही न कापता एकदा पाहावीत आणि प्रत्येकाची तारीख, वेळ, उंची, कॅमेऱ्याची दिशा व दोष यांची यादी करावी. अशी यादी केली की दहांपैकी सात-आठ दृश्ये गाळण्याजोगी आहेत हे आपोआप कळते, आणि पुढील उड्डाणात काय सुधारावयाचे तेही कळते. सराव व संकलन ही अशी परस्परांना शिकवितात.

जोडणीत दिशेचे सातत्य फार महत्त्वाचे आहे. कॅमेरा उत्तरेकडे रोखून ड्रोन पूर्वेस जात असेल, तर पडद्यावर त्याची गती उजवीकडे होते. पुढील दृश्यात तोच प्रवास कॅमेरा दक्षिणेकडे वळवून घेतला असेल, तर गती डावीकडे होते आणि ड्रोन परत फिरला असे प्रेक्षक समजतो. डाइकच्या सावलीची बाजू उत्तरेची. म्हणून सारी मालिका उत्तरेकडून, कॅमेरा दक्षिणेस व खाली झुकवून घेतल्यास सावलीही दिसते आणि दिशाही मोडत नाही. दूरचे दृश्य, मग मधले, मग जवळचे असा क्रम ठेवावा. मधूनच जमिनीवरून घेतलेले एखादे दृश्य घालावे आणि त्यात माणूस किंवा बैलगाडी असावी, म्हणजे मापाची कल्पना येते. चित्रगती बदलून दृश्य संथ केले असेल, तर तसे नमूद करावे. नदीच्या प्रवाहाचा वेग त्याच दृश्यावरून कोणी मोजू पाहील, ही शक्यता संशोधनाच्या कामात नेहमीच असते.

यापुढचा प्रश्न सत्याचा आहे. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी प्रयोगाने दाखविले की, दोन दृश्ये शेजारी ठेवली असता प्रेक्षक त्यांतून तिसराच अर्थ काढतो. पांझरेवरील फड पद्धतीचे उदाहरण घ्यावे. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने फडांत जाते व एका फडात एकच पीक घेतले जाते, त्यामुळे आकाशातून तो रंगाचा एकसंध तुकडा दिसतो. या हिरव्या फडाच्या मागोमाग मे महिन्यातील नदीचे कोरडे पात्र जोडले, तर फडांनी नदी आटविली असा आरोप एक शब्दही न उच्चारता होतो. दोन्ही दृश्ये खरी असतात, पण विधान खोटे ठरते. सामाईक पाण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासंबंधी असे विधान करणे ही केवळ कलेतील चूक राहत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यात निधन झाले आणि १९२७ साली तेथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या या संशोधकाचा आग्रह मूळ कागद मिळविण्याचा व तो जपण्याचा होता. ड्रोनने टिपलेले मूळ दृश्य हाही कागदच मानावा. संकलित चित्रफीत हे त्यावरील भाष्य. भाष्य बदलते, कागद बदलू नये. म्हणून मूळ दृश्ये, त्यांची यादी व उड्डाणाच्या नोंदी न कापता स्वतंत्र जपाव्यात, आणि अंतिम चित्रफितीत प्रत्येक स्थळाचे नाव व चित्रणाचा दिनांक द्यावा.

डाइकचा दगड रस्त्यांसाठी व बांधकामासाठी फोडला जातो. आज सलग दिसणारी धार वीस वर्षांनी तशीच दिसेल याची शाश्वती नाही. तेव्हा तिची लांबी, तिचे तुटलेपण आणि तिची सावली कोणी तपासू लागला, तर सुंदर चित्रफितीपेक्षा संथ, सरळ आणि नोंदीसह जपलेले दहा सेकंदांचे एक दृश्य त्याला अधिक उपयोगी पडेल. नवशिक्याने सराव करावयाचा तो अशा दहा सेकंदांसाठी.