मोटार गुणगुणते, पण फिरत नाही : असे का होते?

स्टार्टरचे बटण दाबावे, मोटारीतून नुसता 'घूंऽऽ' असा आवाज यावा आणि पाणी मात्र चढू नये, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. अशा वेळी पुनःपुन्हा बटण दाबले जाते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. मोटार भरण्याचा खर्च तर होतोच, शिवाय पाण्याची पाळी चुकते. गहू फुलोऱ्यात किंवा चिकात असताना चुकलेली पाळी उत्पादनात भरून निघत नाही. म्हणून मोटार कशी फिरते, हे एकदा समजून घेणे हिताचे आहे.

विजेपासून चुंबक

तारेतून वीजप्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते, हे दाखवून दिले. पुढे १८३१ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांनी याची दुसरी बाजू मांडली. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर जवळच्या तारेत वीज निर्माण होते. आपल्या पंपाची मोटार या दोन्ही नियमांवर चालते.

क्षेत्र फिरते, म्हणून मोटार फिरते

मोटारीच्या स्थिर भागात तीन फेजसाठी वाइंडिंगचे तीन संच गोलाकार बसविलेले असतात. तिन्ही फेजमधील प्रवाह एकाच वेळी जोर धरत नाहीत, तर सेकंदाच्या सुमारे दीडशेाव्या भागाच्या अंतराने एकामागून एक धरतात. त्यामुळे आतील चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. या फिरत्या क्षेत्रामुळे रोटरच्या पट्ट्यांत प्रवाह निर्माण होतो आणि रोटर क्षेत्रामागे ओढला जातो. दोन पोलच्या मोटारीत क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. रोटर थोडा मागे राहून सुमारे २८५० ते २९०० फेरे घेतो. कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल केली, की क्षेत्र उलट फिरते आणि मोटारही उलट फिरते.

एक फेज गेली तर

एक फेज गेली की क्षेत्र फिरत नाही. ते एकाच रेषेत कमी-जास्त होत राहते. थांबलेल्या रोटरला कोणत्याच दिशेने ओढ मिळत नाही. मोटार गुणगुणते, पण प्रवाह मात्र नेहमीच्या कितीतरी पट घेते. चालू मोटारीची फेज गेली, तर ती फिरत राहू शकते, म्हणून दोष चटकन लक्षात येत नाही. पण सर्व भार उरलेल्या दोन तारांवर येऊन त्यांतील प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ज्या वाइंडिंगवर हा भार येतो, तेथे ती सुमारे तिप्पट होते. इन्सुलेशन जळते ते यामुळेच.

कमी दाबाचेही असेच आहे. व्होल्टेज २० टक्क्यांनी घटले, तर मोटारीची ओढण्याची ताकद ६४ टक्क्यांवर येते आणि तोच भार ओढण्यासाठी ती जादा अँपिअर घेते.

काय काळजी घ्यावी?

१. स्टार्टरसोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. तो वारंवार मोटार बंद करतो म्हणून काढून टाकू नये. दोष पुरवठ्यात किंवा जोडणीत शोधावा.

२. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरनुसार जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

३. कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार दोन फेजवर चालवू नये. त्याने तिसऱ्या फेजचा नुसता आभास निर्माण होतो. क्षेत्र असमान राहते आणि मोटार तापते.

४. ऑटोस्विच टाळावा. मोटार सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह घेते. वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर दाब कोसळतो व रोहित्रावर ताण येतो.

५. मोटार गुणगुणल्यास लगेच बंद करावी. मेन स्विच बंद केल्याशिवाय फ्यूज अथवा तारांना हात लावू नये.

प्रिव्हेंटरची किंमत मोटार एकदा भरण्याच्या खर्चाशी ताडून पाहावी आणि रब्बीची पहिली पाळी सुरू होण्यापूर्वीच स्टार्टरची तपासणी करून घ्यावी.