पडद्यावरची ताठ मान

सिनेमा पाहून घरी आलेल्या माणसाला "कसा होता?" असे विचारले, तर तो गाणी सांगतो, मारामारी सांगतो, नाहीतर शेवट सांगतो. नटाने काम कसे केले, हे सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक अभिनय ओळखण्याची नजर आपल्या समाजाला बाहेरून आणावी लागलेली नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आजी-आजोबांना बाबासाहेबांचा विचार कळला, तो पुस्तकांतून कमी आणि आंबेडकरी जलशांतून जास्त. शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी सावकार उभा केला, भट उभा केला, आणि त्यांना उलट प्रश्न विचारणारा आपला माणूसही उभा केला. त्या आजी-आजोबांची आपण नातवंडे आहोत.

पण जलशात जो माणूस ताठ उभा राहिला, तो सिनेमाच्या पडद्यावर गेल्यावर मात्र पुष्कळ वर्षे वाकूनच राहिला. कधी तो मालकाच्या दारातला गडी झाला, कधी मार खाणारा सालदार, तर कधी हसण्यासाठी आणलेला वेंधळा नोकर. हात जोडायचे, मान खाली घालायची, दोन वाक्ये बोलायची आणि निघून जायचे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच ज्या मोजक्या भूमिकांनी हे चित्र बदलले, त्या आपल्या घरात बोलल्या गेल्या पाहिजेत. त्या पाहताना एक खूण ध्यानात ठेवावी. नटाच्या डोळ्यांतले पाणी मोजू नये, त्याची मान आणि पाठ पाहावी. अपमान सोसणाऱ्या माणसाची भूमिका करताना तो प्रेक्षकाकडे दयेची भीक मागतो, की त्या माणसाचे माणूसपण राखतो? खरी कसोटी तिथेच लागते.

वाकलेली पाठ

सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' हा तासाभराच्या आतला हिंदी चित्रपट केला. कथा प्रेमचंदांची. दुखी नावाचा चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी ब्राह्मणाच्या दारी जातो. तो नुकताच तापातून उठलेला असतो. ब्राह्मण त्याला आधी अंगण झाडायला लावतो, मग भुसा वाहायला लावतो आणि शेवटी एक गाठाळ ओंडका फोडायला सांगतो. उपाशीपोटी कुऱ्हाड चालवता चालवता दुखी तिथेच मरून पडतो.

ही भूमिका ओम पुरी यांनी केली. त्यांच्या तोंडी मोठी भाषणे नाहीत. सगळे काही पाठीत आणि हातांत आहे. सुरुवातीला त्यांची पाठ सवयीने वाकलेली दिसते. जन्मापासून वाकायला शिकवलेल्या माणसाची ती पाठ आहे. मग ओंडका फुटत नाही तसा कुऱ्हाडीच्या घावांत राग शिरू लागतो. हा राग ब्राह्मणावर आहे, हे दुखीला स्वतःलाही धड कळलेले नाही, पण प्रेक्षकाला कळते. स्मिता पाटील यांनी त्याची बायको झुरिया केली आहे. नवऱ्याचे प्रेत दारात पडलेले असताना बंद दारासमोर तिने केलेला आक्रोश ऐकवत नाही. आणि त्या प्रेताला हात न लावता पायाला दोर बांधून ओढत नेणारा ब्राह्मण मोहन आगाशे यांनी असा केला आहे की तो राक्षस वाटत नाही, रोजचा माणूस वाटतो. म्हणूनच तो जास्त भयंकर आहे.

'सद्गती' मुलांना जरूर दाखवावा. पण तो पाहून नुसते हळहळू नये. बाबासाहेबांनी आपल्याला मुहूर्त विचारण्याच्या त्या दारापासूनच दूर का नेले, १९५६ साली नागपूरला काय घडले, हे त्यांना त्याच वेळी समजावून सांगावे.

केरळातून आलेले बाबासाहेब

डॉ. जब्बार पटेल यांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा इंग्रजी चित्रपट करायला घेतला, तेव्हा बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी केरळचे नट मामूट्टी यांची निवड झाली. मराठी माणसाची भूमिका मल्याळी नट कसा करणार, अशी शंका येणे साहजिक होते. मामूट्टी हे स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी या भूमिकेसाठी आपल्या मिशा उतरवल्या. केरळातल्या नायकाला हे वाटते तितके सोपे नसते. या भूमिकेबद्दल त्यांना १९९८ सालचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट लोकांसमोर आला तो २००० साली. तमिळ भाषेतली आवृत्ती तर कोर्टकचेरी होऊन २०१० च्या डिसेंबरात चित्रपटगृहांत पोचली. बाबासाहेबांच्या चित्रपटालाही दाराबाहेर असे थांबावे लागले!

मामूट्टींचे मोठेपण त्यांनी आरडाओरडा केला नाही, यात आहे. बडोद्याच्या कचेरीत शिपाई फाइली लांबून फेकतो. अशा प्रसंगी दुसऱ्या एखाद्या नटाने मुठी आवळल्या असत्या, डोळे वटारले असते. मामूट्टी अपमान गिळताना दिसतात, पण मान खाली जाऊ देत नाहीत. परदेशी शिकून आलेला तरुण हळूहळू लाखोंचा नेता होतो, मग आजाराने आणि कामाने थकतो. हा सगळा बदल ते चालण्यातून आणि आवाजातून दाखवतात. सुटाबुटातले बाबासाहेब आपण तसबिरीत पाहिले होते. त्या सुटाच्या आत एकटेपणा, चिडणे, पुस्तकांचे वेड आणि मुले गमावलेल्या बापाचे दुःख असलेला माणूस होता, हे या अभिनयाने दाखवले. तसबिरीला हार घालणे सोपे असते. माणूस समजून घेणे अवघड असते, आणि नटाने ते अवघड काम आपल्यासाठी थोडे सोपे केले.

याच चित्रपटात सोनाली कुलकर्णी यांनी रमाई केली आहे. रमाईंची भूमिका नुसती रडून करता येते आणि पुष्कळदा ती तशीच केली जाते. पण २७ मे १९३५ ला जग सोडून गेलेल्या या माऊलीने संसाराचा सारा भार एकटीने वाहिला होता. नवरा विलायतेत शिकत असताना घर चालवणाऱ्या बाईच्या अंगी किती धीर लागतो, हे आपल्या आया-बहिणींना वेगळे सांगायला नको. रमाई करणाऱ्या नटीने दुःखाआधी हा धीर दाखवायचा असतो. सोनालीताईंनी तो कमी बोलून दाखवला.

घराघरातला छोटा पडदा

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा लोकांनी टीव्ही संचाला हार घातले. आपली गोष्ट मालिकेच्या रूपाने घरात यायला त्यानंतर पुष्कळ काळ जावा लागला. २०१४ साली श्याम बेनेगल यांनी राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' ही दहा भागांची मालिका केली. त्यात सचिन खेडेकर यांनी बाबासाहेब साकारले. संविधान सभेतल्या चर्चा, कलमांवरचे वाद, आणि साऱ्यांना शांतपणे उत्तर देणारा तो विद्वान! बुद्धीचा अभिनय कसा असतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही मालिका पाहावी.

मग २०१९ साली स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' आली आणि २०२० पर्यंत चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांनी रमाई केली. रोज रात्री घरात येणाऱ्या मालिकेत भूमिका टिकवणे फार कठीण. एखाद्या दिवशी नट कमी पडला तरी लगेच उघडे पडते. सागर देशमुखांनी महिनोन्महिने तो तोल सांभाळला. आजीपासून नातीपर्यंत सगळे एका जागी बसून मूकनायक, महाड, काळाराम ही नावे ऐकत होते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

शाहिरानेच केला शाहीर

आता अशा एका भूमिकेकडे येऊ, जिथे नट आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात नारायण कांबळे नावाचा वृद्ध शाहीर आहे. मुंबईच्या वस्तीत गाताना त्याला पोलीस पकडतात. आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली! ही भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. ते चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. चित्रपटातली गाणी संभाजी भगत यांची.

साथीदारांनी या चित्रपटात अभिनयाची कसलीही आतषबाजी केली नाही. पोरांना शिकवणारा, वेळ झाली की मंचावर जाणारा आणि कोर्टात शांत उभा राहणारा माणूस त्यांनी दाखवला. वर्षानुवर्षे मोर्चे काढलेल्या माणसाला कोर्टाच्या पिंजऱ्याचे भय वाटत नाही. ते भय नसणे त्यांच्या उभे राहण्यातच दिसते. आपल्या जलशांची सारी परंपरा त्यांच्या पाठीशी होती. वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने गेले.

याच चित्रपटात मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते. ती भूमिका करणारी बाई रूढ अर्थाने नटी नाही. नवरा गटारात उतरण्याआधी झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, म्हणजे आत हवा आहे की नाही ते कळायचे, असे ती सांगते. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा, तेही सांगते. आवाज चढत नाही, पदर डोळ्याला जात नाही. पुढे वकील मदत देऊ करतो तेव्हा ती काम मागते. आपल्या वस्त्यांतून सफाईच्या कामावर गेलेल्या कितीतरी माणसांच्या बायका अशाच बोलतात. एवढे खरे बोलणे पडद्यावर फार थोड्या वेळा ऐकू आले आहे.

जब्याचा दगड

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधला जब्या हा कैकाडी समाजातला मुलगा. सोमनाथ अवघडे या सोलापूर जिल्ह्यातल्या पोराने तो केला आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्याच्या बापाच्या भूमिकेत कवी-नट किशोर कदम आहेत. बापाची मान परिस्थितीने पार खाली गेलेली, आणि पोराची मान काही केल्या खाली जायला तयार नाही. सारा चित्रपट या दोन मानांमधला आहे.

गावासमोर डुक्कर धरताना जब्याला लाज वाटते, तो लपतो. सोमनाथने ती लाज कानशिलांपर्यंत आणली आहे. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते तेव्हा सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर मात्र निसटते. मग ते धरलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीजवळून नेले जाते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. इथे एक शब्दही बोलला जात नाही. आणि शेवटी जब्या दगड उचलतो, तो थेट आपल्या अंगावर येतो. हा पोरगा आपल्या जातीचा नाही, म्हणून त्याचा अपमान आपला नाही, असे कोणी म्हणू नये. बाबासाहेबांचे चित्र त्याच्याही शाळेच्या भिंतीवर होते.

२०२१ साली आलेला तमिळ 'जय भीम' ज्यांनी पाहिला, त्यांना सेंगेनी आठवत असेल. लिजोमोल जोस यांनी केलेली ही इरुलर जमातीची गरोदर बाई पोलीस कोठडीत मेलेल्या नवऱ्यासाठी लढते आणि मिटवामिटवीचे पैसे नाकारते. त्यात शेवटी एक छोटीशी गोष्ट आहे. सेंगेनीची लहान मुलगी वकिलासमोर खुर्चीवर बसते, वर्तमानपत्र हातात घेते, जरा बिचकते आणि मग त्याच्यासारखाच पायावर पाय टाकते. दुखीच्या वाकलेल्या पाठीपासून या पोरीच्या बसण्यापर्यंत किती मोठी वाट आहे, ते पाहा!

आपले काम

आमच्या भूमिका दुसऱ्यांनी का कराव्यात, असा प्रश्न आपल्यात नेहमी निघतो. तो रास्त आहे. पण मामूट्टींचे बाबासाहेब आपण मनापासून स्वीकारले, कारण त्यांनी अभ्यास केला आणि आदर राखला. नटाची जात विचारणे हा आपला धम्म नाही. मात्र आपल्या पोरांना पडद्यावर जाण्याची वाट मिळते की नाही, हे विचारणे हा आपला हक्क आहे. सोमनाथ अवघडे आणि वीरा साथीदार यांनी ती वाट आहे, हे दाखवून दिले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती असो वा १४ एप्रिलला भीमजयंती, विहारात एखादा असा चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. तो संपल्यावर लगेच चटया गुंडाळू नयेत. अर्धा तास मुलांना बोलू द्यावे. कोणाचे काम आवडले? का आवडले? अपमान झाला तेव्हा तो माणूस कसा उभा होता? ज्या पोराला हे सांगता येईल, त्याला पुढच्या जयंतीच्या नाटकात भूमिका द्यावी. डी.जे.वर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग त्या नाटकासाठी बाजूला काढावा. आजोबांच्या काळी कंदिलावर जलसा उभा राहिला, मग आज वीज असताना नाटक उभे राहायला कसली अडचण?

जय भीम!