चेहरा बदलला की पक्ष सावरतो का?

निवडणूक जवळ आली आणि सत्ताधारी पक्षाची पत घसरू लागली की कुजबुज सुरू होते, ‘आता नेता बदला.’ ही कुजबुज मुंबईतल्या बंगल्यांतून निघून हरसूलच्या आठवडे बाजारापर्यंत पोचते. पण नव्या नेत्याने पक्ष खरेच सावरतो का? आपल्याच राज्यातले अनुभव पाहू.

१९९९ साली भूखंड प्रकरणातल्या आरोपांनी घेरलेल्या मनोहर जोशींना शिवसेनाप्रमुखांनी पायउतार व्हायला लावले आणि १ फेब्रुवारीला नारायण राणे मुख्यमंत्री झाले. माणूस धडाडीचा, कामाचा उरक असलेला. पण लोकसभेबरोबरच विधानसभाही उरकायचे ठरले आणि सप्टेंबरातच मतदान झाले. समोरची काँग्रेस जूनमध्ये दुभंगलेली, दोन्ही तुकडे वेगवेगळे लढले. तरीही शिवसेना ७३ वरून ६९ वर आणि भाजप ६५ वरून ५६ वर आला. निकालानंतर दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि युतीची सत्ता गेली. राणे नसते तर सेना आणखी घसरली असती, असे म्हणणारे आहेत. असेलही, पण ते सिद्ध कसे करणार?

पुढचा खांदेपालट काँग्रेसचा. १८ जानेवारी २००३ रोजी विलासराव देशमुखांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले. त्यांना एकवीस महिने मिळाले. शेतकऱ्यांना मोफत विजेची घोषणा झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये सत्ता राहिली, म्हणून हा प्रयोग यशस्वी मानला जातो. आकडे मात्र वेगळे सांगतात. काँग्रेस ७५ वरून ६९ वर आली; वाढली ती राष्ट्रवादी, ५८ वरून ७१. आघाडीमुळे काँग्रेसने कमी जागा लढवल्या, हे खरे. पण सरकार वाचवले ते मुख्यतः त्या आघाडीनेच.

इंग्लंडमध्ये १९९० साली हेझेल्टाइन यांनी मार्गारेट थॅचर यांना आव्हान दिले. थॅचर गेल्या, खुर्ची मात्र जॉन मेजर यांना मिळाली आणि १९९२ ची निवडणूक त्यांनी जिंकली. तिथे नुसता चेहरा बदलला नाही. लोकांना नकोसा झालेला डोईपट्टीसारखा करही रद्द करायचे ठरले. आपल्याकडे हीच दुसरी गोष्ट राहून जाते. (२०२२ चे शिवसेनेतले बंड या हिशेबात धरत नाही, तिथे पक्षच दुभंगला.)

हरसूल भागात भात आणि नागली पावसावर येते. ज्याच्याकडे पंपच नाही त्याला मोफत विजेचे काय? दिवाळी सरली की द्राक्षबागांच्या कामाला जाणारी कुटुंबे राणेंच्या काळात गेली, शिंद्यांच्या काळातही गेली.

आणि २००४ च्या निकालानंतर काय झाले? १ नोव्हेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती विलासरावांनीच. शिंदे राज्यपाल होऊन हैदराबादला गेले आणि पुढच्याच वर्षी मोफत वीज बंद झाली.